खाशाबा जाधव : माती, गादी आणि आश्रय

हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत २३ जुलै १९५२ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांना मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट, म्हणजे ५७ किलोग्रॅम, वजनगटाचे कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक स्पर्धेत मिळविलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके जिंकली होती. परंतु ती पारतंत्र्याच्या काळातील, आणि ती कोणत्या देशाच्या खाती मांडावीत याविषयी मतभेद आहेत. खाशाबांच्या पदकाविषयी तसा वाद नाही.

खाशाबांचे चरित्र महाराष्ट्रात दोन प्रकारे सांगितले जाते. एक प्रकार गौरवाचा : खेड्यातला लहान चणीचा पोरगा जगाच्या आखाड्यात उतरला आणि जिंकला. दुसरा प्रकार उपेक्षेचा : जिंकून आल्यावर त्याला कोणी विचारले नाही. दोन्ही कथनांना आधार आहे. तथापि लाल मातीत वाढलेला मल्ल गादीवरच्या, संपूर्णपणे निराळ्या नियमांच्या कुस्तीत यशस्वी कसा झाला, आणि कांस्यपदकाच्या पुढे तो का जाऊ शकला नाही, या प्रश्नांचे उत्तर दोहोंपैकी कोणत्याही कथनातून मिळत नाही. ते शोधावयाचे तर एकीकडे कुस्तीचे तंत्र आणि दुसरीकडे तिचा आश्रय, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. १९४८ ते १९५२ या चार वर्षांत त्या दोन्ही एकदमच पालटल्या.

द्वंद्वक्रीडांपैकी कुस्तीच का, असेही कोणी विचारील. मुष्टियुद्ध हा प्रकार आपल्याकडे अपरिचित नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मल्लविनोदाला स्वतंत्र स्थान आहे, आणि बडोदे व म्हैसूर येथील जेठी मल्लांची वज्रमुष्टी अगदी अलीकडच्या काळापर्यंत पाहावयास मिळत असे. पण हातमोजे घालून दोरांच्या चौकटीत खेळावयाचे आधुनिक मुष्टियुद्ध आले ते इंग्रजांच्या छावण्यांबरोबर. मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियोद्ध्यांची संघटना १९२५ साली स्थापन झाली, अखिल भारतीय संघटना १९४९ साली, आणि पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली मुंबईत भरली. पलटण, रेल्वे, शहरातील क्लब आणि मिशनऱ्यांच्या शाळा हेच त्या खेळाचे घर राहिले. गावच्या जत्रेत त्याचा फड लागत नसे. कुस्तीचा फड मात्र लागे. म्हणून महाराष्ट्रातील पहिल्या जागतिक दर्जाच्या द्वंद्ववीराचा शोध मुष्टियुद्धाच्या चौकटीपाशी न थांबता तालमीच्या दारात येऊन पोहोचतो, यात नवल नाही.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते आणि मुलाला त्यांनी वयाच्या पाचव्या वर्षापासून मातीत उतरविले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले. ते दिवस बेचाळीसच्या चळवळीचे. सातारा जिल्हा त्या चळवळीने ढवळून निघाला होता, आणि भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रे पोचविणे अशी कामे खाशाबांनीही केली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. तेथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शरीर ठेंगणे व सडपातळ. पहिलवान म्हटला की प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे जे दांडगे रूप उभे राहते त्यात ते कोठेच बसत नव्हते, आणि ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

कोल्हापूर हे कुस्तीचे पीठ का झाले याचे उत्तर मुख्यतः एका व्यक्तीच्या इच्छेत आहे. शाहू छत्रपतींनी आपल्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) तालमी बांधल्या, मल्लांचे खुराक चालविले, उत्तरेकडील नामांकित पहिलवानांना आपल्या पदरी ठेवून स्थानिक पोरांना त्यांच्याशी भिडविले. १९०२ च्या विलायतेच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले. ते १९१२ साली पुरे झाले. मध्यभागी खोलगट भागात मातीचा हौदा आणि सभोवती चढत्या उताराची बैठक, अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यालाही डाव दिसतो. मैदानाचा हा आकार कुस्तीच्या अर्थव्यवहारालाही सोयीचा होता. हजारो लोक पाहू शकत असल्यामुळे तिकिटे, इनामे आणि पैजा यांवर मल्लाचा वर्षाचा खर्च भागू शके. मात्र या व्यवहाराच्या मुळाशी दरबारचा हात होता, आणि तो काढून घेतला तर काय राहील, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही.

आता तंत्राकडे वळावयाचे. मातीतील कुस्ती आणि ऑलिंपिकमधील मुक्त शैलीची कुस्ती यांचे साम्य वरवर पाहता पुष्कळ आहे. दोन्हींत पाय धरता येतात, दोन्हींत प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकविणे हे अंतिम साध्य. पण फरक खोलवर जातात.

पहिला फरक भूमीचा. तालमीची माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरविलेली असते. ती पायाखाली किंचित दबते, घाम शोषून घेते, आणि हात निसटू लागला की मल्ल मूठभर माती उचलून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकतो व पकड घट्ट करतो. गादीवर यातले काही नाही. पाय रुतत नाही, अंग घामाने निसरडे होते, आणि पकड ही केवळ बोटांच्या व मनगटाच्या बळावर व अचूक वेळेवर ठेवावी लागते. दुसरा फरक वस्त्राचा. मातीत लांगेला किंवा जांघियाला हात घालून कित्येक डाव बांधता येतात. गादीवर वस्त्र पकडणे निषिद्ध. म्हणजे जन्मभर जोपासलेल्या डावांपैकी काही डाव गादीच्या काठावरच ठेवून आत जावे लागते.

तिसरा फरक काळाचा, आणि तोच बहुधा सर्वांत मोठा. जुन्या निकाली कुस्तीला घड्याळ नव्हते. सलामी झाली की खडाखडी सुरू होई, एकमेकांचा दम पाहिला जाई, आणि तास तास कुस्ती चाले. दम हेच तिथे हत्यार. ऑलिंपिकमध्ये त्या काळी लढतीला पंधरा मिनिटे होती. तेवढ्यात चितपट झाली नाही तर तीन पंच आपापला कौल देत. त्यामुळे खडाखडीत घालविलेली पाच मिनिटे म्हणजे फुकट गेलेला एकतृतीयांश काळ. चौथा फरक याच्याशीच जोडलेला आहे. मातीत पोटावर खाली जाणे ही हार नव्हे. उलट, खाली बसून वरच्याचा कब्जा सोसणे व संधी साधून उलटणे हा मान्य बचाव आहे. पाठ लागली नाही तोवर काही बिघडले नाही. गादीवर मात्र खाली गेलेला मल्ल पंचांच्या डोळ्यांपुढे मागे पडतो. पाठ न लागताही तो हरू शकतो. जो वस्ताद आयुष्यभर ‘पाठ राख’ एवढेच सांगत आला, त्याच्या शिष्याला हे समजणे सोपे नाही.

पाचवा फरक वजनगटांचा. मातीत जोड ठरविली जाई ती वस्तादाच्या नजरेने आणि लौकिकाने, काट्याने नव्हे. त्यामुळे लहान अंगाच्या मल्लाला आपल्याहून जड माणसाशी झुंजावेच लागे, आणि मोठ्या इनामाच्या कुस्तीत त्याला सहसा स्थान नसे. दरबारी व जत्रेतील कुस्ती हे अवजड पहिलवानांचे राज्य होते. वजनगटांच्या पद्धतीने प्रथमच असे झाले की बावन्न किंवा सत्तावन्न किलोच्या माणसाचे कौशल्य त्याच्या तोलाच्या माणसाविरुद्ध मोजले जाऊ लागले. खाशाबांना गादीने बरेच काही नाकारले असेल. पण खासबागेच्या मैदानाने जे त्यांना कधीच दिले नसते ते, म्हणजे सर्वश्रेष्ठांत गणना होण्याची शक्यता, गादीनेच दिली. मातीची बाजू घेणारे लेखक हा मुद्दा सहसा वगळतात.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली तेव्हा त्यांना गादीचा अनुभव जवळजवळ नव्हता. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लंडन येथे अमेरिकेचे माजी अजिंक्यवीर रीस गार्डनर यांनी त्यांना थोडे दिवस शिकविले. फ्लायवेट म्हणजे ५२ किलोग्रॅम गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना पहिल्या काही मिनिटांतच पाडले आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांनाही हरविले; पुढे इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून ते पराभूत झाले. अंतिम क्रम सहावा. काही दिवसांच्या गादीच्या सरावावर सहावा क्रम, हे त्यांच्या अंगच्या कौशल्याचे गमक मानले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणत्या गोष्टी मातीतून गादीवर नेता येतात आणि कोणत्या येत नाहीत, याचे प्रत्यक्ष ज्ञान घेऊन ते परतले.

पुढील चार वर्षे त्यांनी या निवडीवरच खर्च केली. ‘ढाक’ हा त्यांचा आवडता डाव : प्रतिस्पर्ध्याची मान व हात काखेत आवळून, कमरेला वळसा देत त्याला अंगावरून जमिनीवर आणावयाचे. या डावाला ना लांगेची गरज, ना मातीची. तो उभ्या स्थितीतून एकदम पाठ लावण्यापर्यंत जातो, म्हणून पंचांच्या कौलाची वाट पाहावी लागत नाही. आणि त्याला लागतो वेग, वजन नव्हे. मातीच्या भांडारातून गादीला साजेल असा दुसरा इतका चांगला डाव निवडणे कठीणच. वजनगटही त्यांनी बदलला. फ्लायवेटऐवजी बँटमवेट घेतला, म्हणजे पाच किलोंची मोकळीक मिळाली.

तंत्र असे जुळत असताना आश्रयाची बाजू मात्र ढासळली. लंडनच्या सामन्यांनंतर सात महिन्यांच्या आत, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दक्षिणेतील इतर संस्थाने आदल्या वर्षीच विलीन झाली होती. त्यांत किनाऱ्यावरील सिद्दींचे जंजिरा संस्थानही होते. राजपुरीच्या खाडीवरील आगरदांडा हे त्याच मुलखातले बंदर. या घटनेचा कुस्तीशी संबंध काय, असे वाटेल; पण तो आहे. संस्थान विलीन होते तेव्हा त्याच्या प्रत्येक कामाला प्रांतात वारस सापडावा लागतो. आगरदांड्यासारखे बंदर असो, शेतसारा असो, न्यायालय असो, राजाराम महाविद्यालयासारखी १८८० पासून चालत आलेली शिक्षणसंस्था असो, या सर्वांसाठी मुंबई सरकारपाशी आधीच एकेक खाते होते. दप्तर एका कचेरीतून दुसरीत गेले आणि काम चालू राहिले. मल्लाच्या खुराकाला व त्याच्या परदेशप्रवासाला असे खाते नव्हते. ती दरबारची मर्जी होती, आणि मर्जीला उत्तराधिकारी नसतो. गावोगावच्या जत्रा, तालमी, नारळावरच्या कुस्त्या पूर्ववत चालल्या, कारण त्या गावाच्या वर्गणीवर होत्या. मोडला तो फक्त वरचा टप्पा : एका माणसाला समुद्रापार पाठवू शकेल अशी एकच मोठी थैली.

हेलसिंकीच्या तयारीचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. मद्रास येथील निवड-कुस्त्यांत खाशाबा एका गुणाने मागे पडले असे ठरले. तो निर्णय अन्याय्य आहे असे त्यांचे मत होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरलढत मिळविली आणि निरंजन दास यांना चितपट करून संघात जागा घेतली. येथेही दाद मागावयाची ती एका महाराजांकडेच, हे लक्षणीय आहे. फरक एवढाच की आता ते महाराज क्रीडासंघटनेचे पदाधिकारी म्हणून निर्णय देत होते. प्रवासखर्चाचा प्रश्न यानंतरचा. गोळेश्वर व आसपासच्या गावकऱ्यांनी, कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांनी, शिक्षकांनी जमेल तशी वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली जाते, आणि ती गुरुशिष्यप्रेमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्यात आणखी एक गोष्ट पाहावी : चार वर्षांपूर्वी जे काम संस्थानच्या खजिन्याने केले होते, ते आता एका शिक्षकाच्या राहत्या घराला करावे लागले.

हेलसिंकीच्या कुस्त्यांचा निकाल समजण्यासाठी त्या वेळची गुणपद्धती ध्यानात घेणे आवश्यक आहे. एक हार म्हणजे बाद, अशी ती नव्हती. प्रत्येक मल्लाच्या नावावर दोषगुण जमत. चितपट विजयाला दोषगुण शून्य. पंचांच्या कौलाने मिळालेल्या विजयालाही एक दोषगुण. पराभवाला त्याहून अधिक. पाच दोषगुण झाले की मल्ल बाद. दोन किंवा तीनच मल्ल उरले म्हणजे त्यांच्या आपापसांतील लढतींवर पदकांचा क्रम ठरे. अशा पद्धतीत सावधपणे जिंकणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते आणि पाठ लावणाऱ्याला बक्षीस मिळते. निकाली कुस्तीच्या संस्कारात वाढलेल्या मल्लाला ही पद्धती मनातून पटावी अशीच होती.

खाशाबांनी पहिल्या फेरीत कॅनडाच्या एड्रियन पॉलिक्विन यांना चितपट केले. ती कुस्ती चौदा मिनिटांहून अधिक चालली, म्हणजे घड्याळ संपत आले असताना त्यांनी पाठ लावली. दुसऱ्या फेरीत मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तो यांनाही त्यांनी चितपट केले, आणि या वेळी पहिल्याच्या निम्म्याहून कमी वेळात. तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर त्यांनी पंचांच्या दुभंगलेल्या कौलाने विजय मिळविला. तीन लढती, तीन विजय, आणि नावावर जवळजवळ काहीच दोषगुण नाहीत. दम, डाव व पद्धतीची समज या तिन्ही गोष्टी या तीन निकालांत दिसतात. लंडनला जो मल्ल गादीशी ओळख करून घेत होता, तो येथे तिचा जाणकार झाला होता.

नंतर शेवटचे तिघे उरले : जपानचे शोहाची इशी, सोव्हिएट संघाचे रशीद मामेदबेकोव्ह आणि खाशाबा. इशी यांच्याशी झालेली लढत पूर्ण पंधरा मिनिटे चालली आणि पंचांचा कौल इशी यांच्या बाजूने गेला. इशी हेच पुढे सुवर्णपदकाचे मानकरी झाले. या दमछाकीच्या लढतीनंतर लगेचच खाशाबांना मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण त्याचा आग्रह धरण्यासाठी त्या क्षणी भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे या प्रसंगाच्या वृत्तांतांत सांगितले आहे. खाशाबा तसेच उतरले आणि हरले. मामेदबेकोव्ह यांना रौप्यपदक, खाशाबांना कांस्य.

विश्रांती मिळाली असती तर रौप्यपदक आले असते काय, हा प्रश्न रंजक असला तरी निरर्थक आहे. मामेदबेकोव्ह सामान्य मल्ल नव्हते. महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. गादीवरील कुस्ती ही केवळ दोन शरीरांची झुंज नव्हे. ती लेखी नियमांची झुंजही आहे, आणि नियमांचा उपयोग करून घेण्यास मल्लाच्या पाठीशी नियम जाणणारा माणूस लागतो. मातीच्या फडात हे काम वस्ताद करतो. तो हौद्याच्या कडेला उभा असतो, पंचांशी भांडतो, जोड अमान्य करतो, प्रसंगी आपल्या पठ्ठ्याला हात धरून बाहेर काढतो. हेलसिंकीत खाशाबांनी डाव बरोबर आणले होते. वस्ताद आणता आला नव्हता. ज्या पैशांसाठी घर गहाण पडले त्यांत एकाच माणसाचा प्रवास कसाबसा बसत होता. घरचा पैसा आणि गादीवरचा अर्धा तास, या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितल्या जातात. वस्तुतः त्या एकाच प्रकरणातील आहेत.

हेलसिंकीचे यश एका व्यक्तीच्या असामान्य देणगीचे फळ होते, असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. त्याच सामन्यांत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट, म्हणजे ६२ किलोग्रॅम, गटात चौथे आले. त्यांचे कांस्यपदक अगदी थोडक्यात हुकले. एकाच शहरातील दोन मल्ल, दोन लगतच्या वजनगटांत, जगात तिसरा आणि चौथा क्रम मिळवितात, तेव्हा त्यामागे एक परंपरा उभी असते. ती परंपरा शाहू छत्रपतींच्या काळात पेरली गेली होती आणि तिचे पीक संस्थान नाहीसे झाल्यानंतर हाती आले. पुन्हा पेरणी झाली नाही तर असे पीक वारंवार येत नाही. माणगाव्यांचे नाव आज कुस्तीच्या जाणकारांबाहेर कोणी घेत नाही. चौथ्या क्रमाचे ते दैवच म्हणावयाचे.

पदक मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६–१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. देशभर जयजयकार झाला तो हॉकीचा, आणि ते स्वाभाविक होते. कऱ्हाड मात्र आपल्या माणसाला विसरले नाही. १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने खाशाबांना नेण्यात आले. पाव तासाचा रस्ता, त्याला सात तास लागले, असे तेथील लोक सांगत. त्यानंतर खाशाबांनी पहिले काम कोणते केले असेल तर कुस्त्यांच्या फडात उतरून पैसा मिळविला आणि प्राचार्यांचे कर्ज फेडले. जागतिक पदकाचे देणे अखेर लाल मातीनेच चुकते केले.

१९५५ साली ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाता आले नाही, आणि स्पर्धात्मक कारकीर्द तेथेच थांबली. पोलिसखात्यात त्यांनी अनेक मल्ल घडविले. सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई सामन्यांच्या ज्योतीदौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार १९९२–९३ साली आणि केंद्र शासनाचा २००० सालचा अर्जुन पुरस्कार, हे दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले गेले.

कालगणना पाहिली म्हणजे मधली पोकळी लक्षात येते. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ साली अटलांटा येथे, लिअँडर पेस यांच्या टेनिसमधील कांस्याने. म्हणजे ४४ वर्षांनी. कुस्तीतील पुढचे पदक २००८ साली बीजिंग येथे सुशील कुमार यांचे. म्हणजे ५६ वर्षांनी. त्याच सामन्यांत मुष्टियुद्धातही भारताला पहिले पदक मिळाले, विजेंदर सिंग यांचे. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक मिळण्यास २०२४ उजाडावे लागले. पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील. अंतर ७२ वर्षांचे.

या पोकळीचे कारण लोकांची अनास्था असे सरसकट म्हणता येत नाही. महाराष्ट्रात कुस्तीविषयी आस्था कधीच कमी नव्हती. हेलसिंकीच्या दुसऱ्याच वर्षी, १९५३ साली, मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’चा किताब दिला जाऊ लागला. तो पहिल्या वर्षी दिनकर दह्यारी यांनी जिंकला. दरबारच्या जागी संघटना आली. वारस अखेर सापडला. पण या वारसाने जोपासले ते प्रामुख्याने अवजड गटाच्या पहिलवानाचे वैभव, चांदीची गदा, हत्तीवरची मिरवणूक, जे शाहूकालीन मैदानाचे वैशिष्ट्य होते. हलक्या गटातला मल्ल, ज्याच्यामुळे हेलसिंकीचे पदक आले, तो फडातल्या आरंभीच्या कुस्त्यांपुरताच राहिला. प्रेक्षकही पुष्कळदा त्या वेळी अजून येत असतात.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत पुढे माती आणि गादी असे दोन विभाग झाले, आणि दोहोंतील विजेते किताबासाठी एकमेकांशी लढू लागले. मातीतून आलेला मल्ल अशा लढतीत गादीवर उतरतो तेव्हा पहिल्या एक-दोन मिनिटांत त्याचा हात सवयीने खाली जातो, मूठभर माती उचलण्यासाठी. माती तेथे नसते. लंडनला १९४८ साली खाशाबांपुढे हीच अडचण होती.